घटक ६ : किनाऱ्यावरील शहर आणि पावसाचे पाणी : मुंबईची निचरा-व्यवस्था व तिची परिभाषा

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
– पावसाचे पाणी आणि सांडपाणी यांतील भेद सांगता येईल.
– समुद्रकाठच्या शहरात पाण्याचा निचरा भरती-ओहोटीवर कसा अवलंबून असतो, हे मुंबईच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल.
– पाण्याच्या गुणवत्तेच्या प्रमुख निकषांचा अर्थ सोप्या मराठीत मांडता येईल.
– तांत्रिक विषयावरील मराठी लेखनातील शब्दनिवड व क्रियापदयोजना यांची चिकित्सा करता येईल.
– नागरिकांना उद्देशून सुबोध जाहीर सूचना लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण शास्त्रीय व माहितीपर लेखनाची सामान्य वैशिष्ट्ये पाहिली. प्रस्तुत घटकात ती एका विषयाला लावून पाहावयाची आहेत. हा विषय मुद्दामच दैनंदिन जीवनातला निवडला आहे. पावसाळा सुरू झाला की ‘सखल भागात पाणी साचले’, ‘नालेसफाईचा बोजवारा’, ‘उद्या मोठी भरती’ असे मथळे आपण वाचतो. त्यांतील प्रत्येक शब्द ओळखीचा असतो. तरीही हे पाणी कोठून येते, कोठे जाते आणि कोठे अडते, असे कोणी विचारले तर आपल्याला नेमके उत्तर देता येत नाही. शब्द परिचित असणे आणि संकल्पना स्पष्ट असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

भाषेच्या अभ्यासकाने नगर-अभियांत्रिकीत शिरावे कशाला, अशी शंका काहींच्या मनात येईल. तिचे उत्तर पुढील विवेचनातून मिळेल. येथे एवढेच ध्यानात घ्यावे, की ज्या प्रवाहाला आपण ‘नाला’ म्हणतो त्याच्याशी आपण एका प्रकारे वागतो आणि ज्याला ‘नदी’ म्हणतो त्याच्याशी दुसऱ्या प्रकारे. नावात झालेली गफलत पुढे व्यवहारात उतरते आणि तिची किंमत पूर आला म्हणजे मोजावी लागते.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ दोन प्रकारचे पाणी, दोन प्रकारच्या वाहिन्या

शहरातून बाहेर जाणारे पाणी दोन प्रकारचे असते. पहिले आकाशातून पडणारे, म्हणजे छपरांवरून, अंगणांतून, रस्त्यांवरून वाहणारे पावसाचे पाणी. दुसरे घरांतून, कारखान्यांतून, उपाहारगृहांतून वापरून सोडलेले सांडपाणी. शौचालयांतील मैलापाणी त्यातच मोडते. पहिले वर्षातील सुमारे चार महिने येते आणि आले म्हणजे प्रचंड प्रमाणात येते. दुसरे बारा महिने, चोवीस तास येते. परंतु त्याचे प्रमाण साधारण ठरलेले असते.

हे दोन्ही प्रवाह एकाच वाहिनीतून न्यावेत की दोन स्वतंत्र वाहिन्यांतून, हा नगररचनेतील जुना प्रश्न आहे. पहिल्या पद्धतीला ‘एकत्रित’ आणि दुसरीला ‘विभक्त’ पद्धती म्हणतात. मुंबईने विभक्त पद्धती स्वीकारली आहे. पावसाचे पाणी ‘पर्जन्यजलवाहिन्यां’तून थेट खाडीत वा समुद्रात जावे, आणि सांडपाणी ‘मलनिःसारण वाहिन्यां’तून प्रक्रिया केंद्राकडे जावे, अशी ही योजना आहे. महापालिकेत या दोन कामांसाठी दोन स्वतंत्र खातीही आहेत.

या विभागणीमागील तर्क सरळ आहे. पावसाचे पाणी तुलनेने स्वच्छ असल्यामुळे त्यावर प्रक्रिया करण्याची गरज कमी, आणि त्याचे प्रमाण इतके मोठे, की ते सगळे प्रक्रिया केंद्रात नेणे अशक्य. सांडपाण्याचे प्रमाण आटोक्यातले असते. परंतु प्रक्रियेविना ते सोडणे घातक. म्हणून दोहोंच्या वाटा वेगळ्या. विभक्त पद्धती यशस्वी होण्याची अट मात्र एकच आहे : दोन्ही प्रवाह खरोखरच विभक्त राहिले पाहिजेत. ही अट कोठे मोडते, ते आपण ६.२.५ मध्ये पाहणार आहोत.

६.२.२ भूरचना आणि भरती-ओहोटी

मुंबईचा दक्षिण भाग मूळचा सात बेटांचा. बेटांमधील उथळ खाड्या, दलदली आणि खाजणे टप्प्याटप्प्याने भरून सलग भूमी तयार करण्यात आली. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरत असे; अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे बांध घालण्यात आला. ‘हॉर्नबी व्हेलार्ड’ हे त्याचे नाव. त्यातील ‘व्हेलार्ड’ हा शब्द बांध वा कुंपण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला आहे. बांधामुळे भूमी मिळाली. पण ती भूमी समुद्रसपाटीच्या आसपासच राहिली. पाण्याची जुनी जागा पाणी सहसा विसरत नाही. ‘उमरखाडी’, ‘पायधुनी’ यांसारखी स्थलनामे आज दाट वस्तीत उभी आहेत. परंतु ती आपल्याला जुन्या जलमार्गांची आठवण करून देतात. स्थलनामांचा अभ्यास हा केवळ व्युत्पत्तीचा छंद नव्हे, तो भूगोलाचाही पुरावा असतो, हे या निमित्ताने नोंदवावे.

आता समुद्राकडे पाहू. किनाऱ्यावर दिवसातून साधारणपणे दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास भरती अधिक मोठी असते. तिला ‘उधाणाची भरती’ म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती लहान असते. ती ‘भांगाची भरती’. हे दोन्ही शब्द किनाऱ्यावरील लोकव्यवहारात जुने आहेत आणि भूगोलाच्या मराठी पुस्तकांनी ते पारिभाषिक संज्ञा म्हणून स्वीकारले आहेत. परिभाषा नेहमी संस्कृतातूनच घडवावी लागते असे नाही. ज्यांचे जगणे त्या वस्तूशी जोडलेले आहे त्यांच्या बोलीत ती बहुधा आधीच असते.

पर्जन्यजलवाहिनी जेथे समुद्रात वा खाडीत उघडते, त्या तोंडाला ‘पातमुख’ म्हणतात. मुंबईतील बहुतांश पातमुखे मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. ओहोटीच्या वेळी वाहिनीतले पाणी उताराने आपोआप समुद्रात जाते. भरतीच्या वेळी मात्र समुद्राची पातळी पातमुखाच्या वर चढते आणि पाण्याचा दाब उलटा होतो. अशा वेळी पातमुख उघडे असेल तर समुद्राचे पाणी शहरात शिरते. दरवाजा लावून ते बंद केले तर पावसाचे पाणी आत अडते. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली, म्हणजे शहर दोन्ही बाजूंनी कोंडले जाते. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी महापालिका साडेचार मीटरहून अधिक उंचीच्या भरतीचे दिवस जाहीर करते.

या कोंडीवर उपाय म्हणजे पाणी उपसून समुद्रात टाकणे. त्यासाठी ‘उदंचन केंद्रे’ बांधली जातात. ‘उदंचन’ म्हणजे वर उचलणे, उपसणे. भरतीच्या वेळी दरवाजे बंद करून मोठ्या पंपांच्या साहाय्याने आतले पाणी बाहेर फेकले जाते. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही मुंबईतील पर्जन्यजल उदंचन केंद्रे होत.

६.२.३ क्षमतेचे गणित

पर्जन्यजलवाहिनी किती मोठी असावी, हे दोन गोष्टींवरून ठरते : पावसाचा दर आणि ‘अपधाव गुणांक’. जमिनीवर पडलेल्या पावसापैकी जो भाग न मुरता वाहून जातो त्याला ‘अपधाव’ म्हणतात. एकूण पावसाशी असलेले त्याचे गुणोत्तर म्हणजे अपधाव गुणांक. निम्मे पाणी मुरत असेल तर गुणांक ०.५, जमीन पूर्णतः काँक्रीट-डांबराने झाकलेली असेल आणि जवळजवळ सर्व पाणी वाहत असेल तर गुणांक १.

मुंबईची जुनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस, ०.५ गुणांक आणि ओहोटीची वेळ ही गृहीतके धरून रचलेली होती. १९९३ मध्ये सादर झालेल्या ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहवालाने ताशी ५० मिलिमीटर पाऊस आणि १ हा गुणांक धरून व्यवस्था नव्याने बांधावी, असे सुचविले. वाचताना असे वाटते, की क्षमता दुप्पट करावयाची आहे. प्रत्यक्ष आकडेमोड करून पाहू.

एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर जागा घ्या. जुन्या गृहीतकानुसार २५ मिलिमीटरपैकी निम्मे, म्हणजे १२.५ मिलिमीटर पाणी तासाभरात वाहील. त्याचे घनफळ १२५ घनमीटर, म्हणजे सव्वा लाख लिटर. नव्या गृहीतकानुसार ५० मिलिमीटर पाणी पूर्णतः वाहील. त्याचे घनफळ ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर. वाढ दुप्पट नसून चौपट आहे. त्यातील एक दुप्पट पावसाच्या दरामुळे आली आणि दुसरी जमीन झाकल्यामुळे. पाऊस निसर्गाच्या हाती. जमीन झाकणे मात्र आपल्या हाती. प्रत्येक इमारतीच्या आवारात घातलेली फरशी गुणांक किंचित वाढवते आणि त्याचा भार कित्येक मीटर दूर असलेल्या सखल भागातील घरावर पडतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न : १
अ) योग्य पर्याय निवडा. अपधाव गुणांक १ असणे म्हणजे (i) सर्व पाणी मुरणे (ii) जवळजवळ सर्व पाणी वाहून जाणे (iii) निम्मे पाणी मुरणे.
आ) एका वाक्यात उत्तर लिहा. ‘पातमुख’ म्हणजे काय?
इ) एक हेक्टर जागेवर तासाभरात ४० मिलिमीटर पाऊस पडला आणि गुणांक ०.५ असेल, तर किती लिटर पाणी वाहील?

६.२.४ २६ जुलै २००५ आणि त्यानंतर

२६ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठपासूनच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथील वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच अवधीत कुलाब्यात सुमारे ७४ मिलिमीटर पाऊस पडला. एकाच शहराच्या दोन टोकांत एवढे अंतर! दुपारी मोठी भरती होती. शहर ठप्प झाले, लक्षावधी लोक रस्त्यांत, गाड्यांत, कचेऱ्यांत अडकले आणि शेकडो माणसे दगावली. पुरानंतर गढूळ पाण्यातून पसरलेल्या लेप्टोस्पायरोसिससारख्या आजारांनी आणखी बळी घेतले.

येथे आकडे वाचण्यासंबंधी एक धडा घ्यावा. ९४४ भागिले २४ केल्यास ताशी सरासरी ३९ मिलिमीटर येते. हा आकडा ब्रिमस्टोवॅडच्या ५० मिलिमीटरपेक्षा कमी आहे. म्हणून अहवालातील सर्व कामे झाली असती तर पूर आलाच नसता, असा निष्कर्ष कोणी काढील. तो चुकीचा ठरेल. त्या दिवशीचा बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला आणि त्या वेळी पावसाचा दर ताशी १०० मिलिमीटरच्याही वर गेला होता. सरासरी खरी असूनही दिशाभूल करू शकते. माहितीपर लेखन करणाऱ्याने आकडा देताना त्याचा कालावधी आणि त्यातील चढउतारही सांगितले पाहिजेत. कामे झाली असती तर पाणी लवकर ओसरले असते, असे म्हणणे रास्त होईल; पूर टळला असता, असे म्हणता येणार नाही.

या आपत्तीनंतर राज्य शासनाने ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९९३ च्या अहवालातील फारच थोडी कामे तोवर झालेली होती; त्यांना वेग आला. उदंचन केंद्रे, नाल्यांचे रुंदीकरण व खोलीकरण, पर्जन्यमापकांचे जाळे ही त्यांतील प्रमुख होत. २०२० मध्ये पूरसूचना देणारी ‘आयफ्लोज’ ही प्रणाली सुरू झाली. हिंदमातासारख्या बशीच्या आकाराच्या भागासाठी निराळा उपाय योजण्यात आला : दादर व परळ येथील मैदान-उद्यानांखाली मोठ्या टाक्या बांधण्यात आल्या. भरती असताना साचलेले पाणी त्यांत साठवायचे आणि ओहोटी लागल्यावर सोडायचे. पाण्याला जागा देणे हाही निचऱ्याचाच एक प्रकार आहे, हे तत्त्व यातून दिसते. पूर्वी हे काम मिठागरे, खाजणे आणि कांदळवने विनामूल्य करीत होती.

६.२.५ पाण्याची गुणवत्ता

येथवर आपण पाण्याच्या प्रमाणाचा विचार केला. आता त्याच्या गुणवत्तेकडे वळू. पर्जन्यजलवाहिनीत केवळ पाऊस वाहत असेल, तर उन्हाळ्यात ती कोरडी असावयास हवी. प्रत्यक्षात मुंबईतील अनेक नाले मे महिन्यातही काळेशार वाहताना दिसतात. ज्या वस्त्यांपर्यंत मलनिःसारण वाहिनी पोहोचलेलीच नाही त्यांचे मैलापाणी नाल्यात येते. काही इमारतींच्या व कारखान्यांच्या जोडण्या चुकीच्या वाहिनीला केलेल्या असतात. गोठे, धुलाई, भंगार-व्यवसाय यांची भर पडते. पर्जन्यजलवाहिनीचे टोक प्रक्रिया केंद्रात नसून समुद्रात असल्यामुळे हे सगळे जसेच्या तसे खाडीत पोहोचते. विभक्त पद्धतीची अट मोडते ती येथे.

दुसरा स्रोत पावसाळ्यातील पहिल्या सरींचा. आठ महिने रस्त्यांवर साचलेली धूळ, तेल, टायरांचे कण, प्राण्यांची विष्ठा आणि प्लास्टिक या सरी एकदम धुऊन नेतात. म्हणून पहिल्या लोंढ्याचे पाणी नंतरच्या पाण्यापेक्षा अधिक मलिन असते. ‘पावसाचे पाणी स्वच्छ असते’ हे विधान त्यामुळे आकाशापुरते खरे आहे.

पाणी किती मलिन आहे हे पुढील निकषांवरून ठरवितात.

१) विद्राव्य प्राणवायू : पाण्यात विरघळलेला प्राणवायू. जलचर त्यावरच श्वसन करतात. तो कमी झाला की मासे मरतात वा दूर जातात.

२) जैवरासायनिक प्राणवायू मागणी : पाण्यातील सेंद्रिय घाण कुजविण्यासाठी सूक्ष्मजीवांना लागणाऱ्या प्राणवायूचे प्रमाण. घाण जितकी अधिक तितकी मागणी अधिक. ‘मागणी’ हा शब्द पाहून हा चांगुलपणाचा निकष आहे, असा समज होऊ देऊ नये.

३) विष्ठाजन्य कोलिफॉर्म : माणसांच्या व प्राण्यांच्या आतड्यांत राहणारे जिवाणू. ते पाण्यात सापडले, म्हणजे मैला मिसळल्याची खूण पटते.

स्नानास योग्य अशा किनारी पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार विद्राव्य प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम, जैवरासायनिक प्राणवायू मागणी लिटरमागे जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्मचे प्रमाण १०० मिलिलिटरमागे १०० पर्यंत असावे लागते. ही मर्यादा पोहणाऱ्यांच्या हौसेपुरती महत्त्वाची आहे, असे समजू नये. खाडीत गुडघाभर पाण्यात उभे राहून शिंपल्या, कालवे आणि खेकडे गोळा करणाऱ्या कोळी स्त्रियांच्या आरोग्याचा आणि उपजीविकेचा प्रश्न याच आकड्यांत दडलेला आहे. शहराने सोडलेल्या पाण्याचा पहिला भार त्यांच्यावर पडतो.

उपाय तीन पातळ्यांवर चालतात. पहिली पातळी अडविण्याची : नाल्यातून पावसाळ्याव्यतिरिक्त वाहणारे सांडपाणी मध्येच अडवून मलनिःसारण वाहिनीकडे वळविणे. मिठीला मिळणाऱ्या बापट नाला व सफेद पूल नाला यांतील सांडपाणी बोगद्याद्वारे धारावीच्या प्रक्रिया केंद्राकडे नेण्याचा प्रकल्प याच प्रकारचा आहे. दुसरी पातळी प्रक्रियेची. कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशा सात विभागांत मुंबईची मलनिःसारण व्यवस्था वाटलेली आहे. वरळी व वांद्रे येथून किनाऱ्यापासून तीन किलोमीटरहून अधिक अंतरावर सागरी पातमुखांद्वारे सांडपाणी सोडले जाते. मात्र दूर सोडणे म्हणजे शुद्ध करणे नव्हे. म्हणून अधिक उच्च दर्जाची प्रक्रिया करणारी नवी केंद्रे उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. तिसरी पातळी उगमाशी थांबविण्याची : कचरा नाल्यात न टाकणे, प्लास्टिकचा वापर घटविणे, पावसाचे पाणी आवारातच मुरविणे. मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजलसंचय २००२ पासून बंधनकारक करण्यात आला. यामुळे अपधाव घटतो आणि वाहून जाणारी घाणही घटते. प्रमाण आणि गुणवत्ता या दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी भिडणारा हा उपाय होय.

६.२.६ नदी की नाला?

विहार तलावाच्या सांडव्यापासून निघून सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीत मिळणारा प्रवाह म्हणजे मिठी नदी. पवई तलावाच्या सांडव्याचे पाणीही तिला मिळते. वाटेत विमानतळाच्या धावपट्टीखालून ती जाते. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावामुळे तिचे पात्र आक्रसले आहे. २००५ पूर्वी अनेक मुंबईकरांना ही नदी आहे हेच ठाऊक नव्हते. त्यांच्या लेखी तो एक मोठा नाला होता. पुराने तिला तिचे नाव परत मिळवून दिले. त्याच वर्षी तिच्या विकासासाठी व संरक्षणासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या शहरातील इतर नद्यांची कथाही फारशी निराळी नाही.

या नामांतराचा अर्थ नीट समजून घ्यावा. ‘नदी’ या शब्दाबरोबर मराठी मनात उगम, पात्र, काठ, घाट, पूररेषा अशा कल्पना येतात. ‘नाला’ या शब्दाचा मूळ अर्थ लहान नैसर्गिक प्रवाह असाच आहे; ग्रामीण भागात ‘नाला बांधबंदिस्ती’ असे आपण म्हणतो तेव्हा तो घाणीचा वाचक नसतो. शहरी व्यवहारात मात्र त्याचा अर्थ संकोच पावून ‘सांडपाण्याची वाट’ असा झाला. अर्थसंकोचाचे हे उदाहरण आपण भाषाविज्ञानाच्या घटकात अभ्यासलेल्या प्रक्रियेशी ताडून पाहावे. एकदा प्रवाहाला या अर्थाने नाला म्हटले, की त्यात कचरा टाकणे, त्यावर स्लॅब घालणे, त्याचा काठ बळकावणे यांत कोणाला वावगे वाटत नाही. अर्थात केवळ नाव बदलल्याने पाणी शुद्ध होत नाही. ‘नदी’ म्हणून गौरविल्यानंतरही मिठी प्रदूषितच राहिली आहे. नाव ही सुधारणेची सुरुवात असते, सुधारणा नव्हे.

६.२.७ क्रियापदे आणि जबाबदारी

पुढील वाक्यांची तुलना करा.

१ अ) नाला बुजला.  १ आ) नाला बुजवला.
२ अ) पाणी तुंबले.  २ आ) पाणी तुंबवले.
३ अ) गाळ साचला.  ३ आ) गाळ साचू दिला.

डावीकडील क्रियापदे अकर्मक आहेत. घटना आपोआप घडली असे ती सुचवितात. उजवीकडील रचना ऐकताच ‘कोणी?’ हा प्रश्न मनात उभा राहतो. अहवाल व बातम्या यांत पहिल्या प्रकारची वाक्ये विपुल आढळतात. ती सर्वच टाळावीत असे नव्हे. भरतीमुळे पाणी अडले असेल तर ‘पाणी तुंबले’ हेच यथार्थ वाक्य आहे. तेथे कर्ता शोधणे म्हणजे उगाच कोणावर तरी ठपका ठेवणे होईल. परंतु पात्रात भराव घातल्यामुळे प्रवाह अडला असेल, तर ‘नाला बुजला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही सत्याच्या दृष्टीने अपुरे आहे. लेखकाने क्रियापद निवडण्यापूर्वी वस्तुस्थिती तपासली पाहिजे.

आता जाहीर सूचनेचे दोन नमुने पाहू. ते अभ्यासासाठी येथे रचले आहेत.

नमुना १ : ‘अतिवृष्टीप्रसंगी सखल क्षेत्रांतील जलसंचयाच्या निराकरणार्थ मनुष्यप्रवेशिकांची आच्छादने नागरिकांकडून अपसारित केली जाऊ नयेत.’

नमुना २ : ‘रस्त्यावर पाणी तुंबले तरी मॅनहोलचे झाकण कोणीही उघडू नये. पाण्याखाली उघडे तोंड दिसत नाही. त्यात माणूस पडून वाहून जातो. पाणी उतरत नसेल तर महापालिकेला १९१६ या क्रमांकावर कळवा.’

२९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत प्रभादेवी-परळ परिसरात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू पावले. अशा प्रसंगी सूचना समजणे हा जिवाचा प्रश्न असतो. पहिल्या नमुन्यात काय करू नये एवढेच, तेही बोजड शब्दांत, सांगितले आहे. दुसऱ्यात काय करू नये, का करू नये आणि त्याऐवजी काय करावे, हे तिन्ही आले आहे. ‘मनुष्यप्रवेशिका’ ही संज्ञा निविदेत व नकाशात योग्य आहे. भिंतीवरील फलकावर ‘मॅनहोल’ हाच शब्द योग्य. परिभाषेची शुद्धता आणि संदेशाची सुबोधता यांत विरोध नाही; कोणता शब्द कोणासाठी, एवढेच ठरवावयाचे असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : २
अ) रिकाम्या जागा भरा. (i) पाण्यात मैला मिसळल्याची खूण ______ या जिवाणूंमुळे पटते. (ii) ‘नाला’ या शब्दाच्या शहरी अर्थात ______ ही अर्थपरिवर्तनाची प्रक्रिया दिसते.
आ) चूक की बरोबर ते लिहा. जैवरासायनिक प्राणवायू मागणी जितकी अधिक, तितके पाणी अधिक स्वच्छ.

६.३ सारांश

मुंबईत पावसाचे पाणी आणि सांडपाणी यांसाठी विभक्त पद्धती आहे. बहुतांश पातमुखे मोठ्या भरतीच्या पातळीखाली असल्यामुळे भरती आणि अतिवृष्टी एकत्र आल्यास निचरा थांबतो. त्यावर उदंचन केंद्रे आणि साठवण टाक्या हे उपाय आहेत. जमीन झाकली गेल्याने अपधाव वाढतो. पर्जन्यजलवाहिन्यांत सांडपाणी शिरल्यामुळे खाड्या व किनारे प्रदूषित होतात. म्हणून प्रमाण आणि गुणवत्ता यांचा विचार एकत्रच करावा लागतो. ‘नदी’, ‘नाला’, ‘बुजला’, ‘बुजवला’ या शब्दांच्या निवडीतून आपण वस्तुस्थिती उघड करतो वा झाकतो. या विषयावर मराठीत नेमके लिहिता येणे हे नागरिकत्वाचेही साधन आहे.

६.४ पारिभाषिक शब्द

अपधाव : जमिनीत न मुरता वाहून जाणारे पावसाचे पाणी.
उदंचन केंद्र : पंपांच्या साहाय्याने पाणी उपसून बाहेर टाकणारे केंद्र.
कांदळवन : खाडीकाठी भरतीच्या पाण्यात वाढणारे तिवरांचे वन.
खाजण : भरतीचे पाणी शिरणारी सखल, खारट जमीन.
पातमुख : वाहिनी समुद्रात, खाडीत वा नदीत जेथे उघडते ते तोंड.
सांडवा : तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जाण्याची वाट.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) (ii). आ) पर्जन्यजलवाहिनी समुद्रात वा खाडीत जेथे उघडते त्या तोंडाला पातमुख म्हणतात. इ) २ लाख लिटर (४० मिलिमीटरचे निम्मे २० मिलिमीटर, घनफळ २०० घनमीटर).
प्रश्न २ : अ) (i) विष्ठाजन्य कोलिफॉर्म (ii) अर्थसंकोच. आ) चूक.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘पाण्याचे प्रमाण आणि पाण्याची गुणवत्ता हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीत.’ मुंबईच्या उदाहरणाने हे विधान स्पष्ट करा. (सुमारे ३०० शब्द)
२) पावसाळ्यातील पाच बातम्या निवडून त्यांतील अकर्मक क्रियापदांची यादी करा. कोठे कर्ता सांगणे आवश्यक होते आणि कोठे नव्हते, ते सकारण लिहा.
३) आपल्या गावातील वा प्रभागातील नाल्याकाठच्या रहिवाशांसाठी पावसाळ्यापूर्वीची सूचना सहा वाक्यांत लिहा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील एखादा ओढा, वहाळ, पऱ्या वा नाला निवडा. त्याचा उगम आणि शेवट शोधा. त्याला वयस्कर रहिवासी कोणत्या नावाने ओळखत, आज कोणते नाव रूढ आहे, आणि उन्हाळ्यात त्यात वाहणारे पाणी कोठून येते, यांची नोंद करून दोन पानांचा अहवाल तयार करा. पाण्यात उतरू नका. काठावरूनच निरीक्षण करा. अहवाल लिहून झाल्यावर तो ज्यांनी माहिती दिली त्यांना वाचून दाखवा. त्यांना तो समजला, तर या घटकाचे उद्दिष्ट साध्य झाले असे समजावे.